‘ख्रिस्त’मधली वेलांटी

नाताळच्या आधी गावी गेले होते, रविवारची उपासना संपली आणि बाहेर चपला घालता घालता पाळकसाहेबांनी विचारलं, ताई तुम्ही पुण्यात डिझाइनचं काम करता ना, मग आपलं भजनांचं पुस्तक परत छापायचंय, बघाल का जरा. मी लगेच हो म्हटलं. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, चर्चची मंडळी लहान, पण गाणारी. पेटी, तबला, टाळ, आणि म्हातारी माणसं अशी आहेत की दोनशे-अडीचशे भजनं पाठ. जुनं पुस्तक कुणाकडे सुटं झालेलं, कुणाकडे निम्मंच उरलेलं, आणि नवीन पोरं मोबाइलवर शब्द शोधतात ते निम्मे चुकीचे. म्हणून पुस्तक हवं होतं, आणि ईस्टरला हवं होतं. साडेतीन महिने हातात.

मी बारा वर्षं या धंद्यात आहे. बिल्डरची ब्रोशर्स, मसाल्याची पाकिटं, हॉस्पिटलचे बोर्ड, सगळं केलंय आणि मन लावून केलंय. पण देवासाठी डिझाइन म्हटलं की माझ्या डोक्यात कायम मुखपृष्ठच यायचं, म्हणजे क्रूस, कबुतर, मागून येणारी किरणं. त्यामुळे घरी येऊन पहिल्याच रात्री मी मुखपृष्ठाचे चार नमुने करून टाकले. आतला मजकूर म्हणजे काय, जुनी फाइल आहे, ती घ्यायची आणि ओतायची, असं वाटलं होतं.

ती फाइल पेजमेकर या जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधली निघाली. ज्या काळी मराठीत युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत, रुळलेलं नव्हतं तेव्हाच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, म्हणजे आपल्या मशीनवर उघडली की देवनागरीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. कन्व्हर्टर मिळतात, मी दोन वापरून पाहिले, ऐंशी-नव्वद टक्के मजकूर येतो पण उरलेल्यात फार नासधूस होते. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी पुढे सरकते, अनुस्वार गळतात, आणि ‘ऱ्य’ तर हमखास जातो. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्‌या’ नाहीतर ‘दुसर्या’ होतं, आणि हे चंद्रकोरीसारखं अर्धं र हिंदीत लागत नाही म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या साधनांना त्याचं काही पडलेलं नसतं. शेवटी मी ठरवलं, अडीचशेच्या अडीचशे भजनं हाताने परत टाइप करायची जमणार नाही, पण कन्व्हर्ट करून प्रत्येक ओळ जुन्या छापील पानाशी ताडून बघायची. रोज रात्री जेवणं झाली की दहा भजनं.

आणि तिथे पहिल्याच आठवड्यात मला ती वेलांटी दिसली.

मी एक फुकट मिळणारा फॉन्ट लावला होता, दिसायला चांगला, जाहिरातीत मीच कितीदा वापरलेला. पण ‘ख्रिस्त’ हा शब्द त्यात नीट बसत नव्हता. ख रुंद अक्षर आहे, त्याच्या पोटात र आणि व शेजारी शेजारी उभे असल्यासारखे दिसतात, आणि पहिल्या वेलांटीची कमान त्या सगळ्यावरून जाऊन ख च्या दांडीला टेकायला हवी. या फॉन्टमध्ये वेलांटी एकाच मापाची होती, ‘कि’लाही तीच आणि ‘ख्रि’लाही तीच, त्यामुळे कमान मध्येच, ‘र’च्या डोक्यावर संपायची. दहा पॉइंटला कुणाला कळलंही नसतं. पण मी पान दोनशे टक्क्यांवर मोठं करून बघत होते, आणि एकदा दिसल्यावर मग दिसतच राहिलं. अख्ख्या पुस्तकात तो शब्द सातशेच्या वर वेळा आहे, मी शोधून मोजला. ज्याच्या नावाने पुस्तक आहे त्याचंच नाव सातशे वेळा अर्धवट.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मला खरंच रडू आलं. का ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. नवरा म्हणाला अगं फॉन्ट बदल ना, त्यात काय. बदलला. चार-पाच लावून पाहिले आणि ‘तिरो देवनागरी मराठी’वर आले, हा मराठीसाठीच केलेला आहे, त्यात निरनिराळ्या रुंदीच्या वेलांट्या आहेत आणि ल-श आपले मराठी वळणाचे येतात. ते वळण हा पण एक मुद्दा आहे, पुष्कळ फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे असतात, काहींत मराठी वळण आत दडवलेलं असतं आणि इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी केली की ते बाहेर येतं, पण ते करायचं असतं हेच माहीत नसतं. आजीला मी पहिली प्रिंट दाखवली होती तेव्हा तिने एका शब्दावर बोट ठेवून म्हटलं होतं, ह्यो ल आपला न्हाई गं. मी त्या वेळी हसण्यावारी नेलं होतं.

पुणे-दौंड-नगर असा रेल्वेने जाते मी गावी, वाटेत केडगाव लागतं. तिथून गाडी जाताना यावेळी पहिल्यांदा मी खिडकीला नाक लावून बघत बसले. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन केडगावलाच. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, मराठी भाषांतर केलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, आणि ते छापलंही तिथल्याच छापखान्यात, मिशनमधल्या बायकामुलींच्या हातून. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि १९२४ ला ते शास्त्र बाहेर आलं. दुष्काळातून वाचलेल्या, घरातून टाकलेल्या बाया, त्यांना अक्षर शिकवलं आणि मग त्यांनीच शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवल्या. मी हे लहानपणापासून शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या शाळेत, ऐकलेलं आहे पण गोष्ट म्हणून ऐकलेलं. आता माझ्या लॅपटॉपमध्ये सत्त्याऐंशी नंबरचं भजन अर्धं तपासलेलं होतं आणि मला त्या बायकांची बोटं दिसत होती.

तसं बघायला गेलं तर मराठी छपाईचं आणि मिशनचं नातं जुनंच आहे. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये देवनागरी टाइपावर टॉमस ग्रॅहम यांनी खूप मेहनत घेतली, मराठीतले आद्य छापखानदार गणपत कृष्णाजी तिथेच छपाई शिकले, आणि जावजी दादाजी पोरवयात तिथे टाइप घासायच्या कामावर होते. याच जावजींनी पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, ज्याच्या टाइपाचं वळण आपण मराठी माणसं आजही शुद्ध म्हणून ओळखतो आणि ज्यातून पोथ्या-पुराणं घराघरांत गेली. म्हणजे बायबल छापायला घासलेलं अक्षर आणि पोथीतलं अक्षर एकाच हाताखालून गेलेलं. मला हे फार मोठं वाटतं. आमच्या लोकांना कुणी ‘तुमचा धर्म इंग्रजी’ म्हटलं की मला हे सांगावंसं वाटतं, की निदान अक्षर तरी आपलं एकच आहे.

जानेवारीत एका रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायावर उपदेश केला, बसालेलवर. त्यांनी मला बघून विषय निवडला असेल-नसेल, मला माहीत नाही. देव मोशेला सांगतो की मी बसालेलला नाव घेऊन बोलावलंय आणि त्याला माझ्या आत्म्याने भरलंय, कशासाठी, तर सोन्याचांदीचं आणि पितळेचं काम करायला, रत्नं पैलू पाडून बसवायला, लाकडावर कोरीव काम करायला. उपदेश करायला नाही, राज्य करायला नाही, कारागिरी करायला. मी हा अध्याय किती वेळा वाचला असेल, पण दरवेळी पुढच्या मोजमापांवर कंटाळून पानं उलटलेली. एवढे हात लांब, एवढे हात रुंद, एवढ्या कड्या, एवढे आकडे. यावेळी तीच मोजमापं मी घरी येऊन सलग वाचली आणि वाटलं अरे हे तर माझंच काम आहे, समास किती, दोन ओळींत अंतर किती, फर्मे, म्हणजे एकत्र छापायचे पानांचे गट, किती. तोपर्यंत मी कामाला बसण्याआधी प्रार्थना करायचे ती ‘चांगली कल्पना सुचू दे’ अशी असायची. त्यानंतर ‘नजर चुकू देऊ नको’ अशी करायला लागले.

आजीचं वय आता नव्वदीला आलंय. तपासलेली भजनं घेऊन मी दर पंधरा दिवसांनी तिच्याकडे जायचे. तिला वाचायला दिसत नाही फारसं, म्हणून ठरलं की मी वाचायचं आणि तिने ऐकायचं. पण नुसतं वाचून तिला काही कळेना, म्हणाली चालीवर म्हण. मग मी चालीवर म्हणायला लागले, आणि काय सांगू, ती डोळे मिटून मांडीवर हाताने ताल धरायची आणि जिथे अक्षर गळलं असेल तिथे तिचा हात थांबायचा. हात थांबला की चूक आहे समजायचं. नारायण वामन टिळकांच्या अभंगांत तर हे फारच स्पष्ट कळतं, कारण मोठ्या अभंगाचं माप ठरलेलं, सहा सहा सहा चार, एक अक्षर कमी झालं की लंगडतो. टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले तरी अभंग त्यांच्या अंगातून गेला नाही, उलट त्यांनी तोच प्रभूच्या पायी वाहिला, आणि म्हणून आमच्या खेड्यातल्या न शिकलेल्या बाईलाही ते पाठ होतात. आजीने त्या चार बैठकांत एकूण एकतीस चुका काढल्या. त्यातल्या सहा तर जुन्या छापील पुस्तकातच होत्या.

यातूनच मांडणी पण बदलली. मी सुरुवातीला खर्च वाचवायला पानात दोन कॉलम केले होते, त्यामुळे अभंगाची ओळ कुठेही मोडायची. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, ते जर ओळ मोडल्यामुळे डोळ्याला दिसलं नाही तर गाणाऱ्याचा श्वास चुकतो. मग एकच कॉलम, चार चरण दोन ओळींत, सोळा पॉइंट अक्षर, कारण मंडळीत निम्मी माणसं साठीच्या पुढची आणि दिवे यथातथाच. भजन पान उलटून पुढे जाता कामा नये हा पण नियम केला, तबला वाजवणाऱ्याने पान कसं उलटायचं. पानं वाढली, १९२ झाली, म्हणजे सोळा पानी बारा फर्मे. मंडळीच्या पंचांनी खर्चाचं विचारलं, मी आजीची गोष्ट सांगितली, कुणी काही बोललं नाही. ‘धृ’ की ‘ध्रु’ यावर मात्र पाऊण तास चर्चा झाली. ध्रुवपद आहे म्हणून ‘ध्रु’च बरोबर, आणि तेच ठेवलंय.

आता मुखपृष्ठ. माझे ते चार नमुने मी पाळकसाहेबांना दाखवले होते, त्यांना आवडले पण होते. पण आतलं काम करत गेले तसे मला ते परके वाटायला लागले. कबुतर स्टॉकचं, म्हणजे नेटवरच्या तयार चित्रांतलं, किरणं स्टॉकची, आणि प्रभूचा चेहरा आमच्या घरच्या भिंतीवर लहानपणापासून आहे तो, सोनेरी छटेचे लांब केस, वरच्या बाजूला बघणारे डोळे. ते चित्र शिकागोच्या वॉर्नर सॉलमन यांचं, १९४० चं. सॉलमन स्वतः जाहिरातीच्या कामातले चित्रकार होते, म्हणजे माझ्याच धंद्यातले, आणि त्यांनी आपल्या लोकांसाठी मनापासून काढलं, त्यात काही वावगं नाही. आजी त्या चित्रासमोर रोज प्रार्थना करते, मी कधीही ते उतरवा म्हणणार नाही. पण आमच्या अभंगांवर तो चेहरा बसेना.

मी फोन्सेकांची चित्रं परत काढून बघितली. आंजेलो द फोन्सेका, जन्म गोव्यातला १९०२ चा, शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकलेले. त्यांनी येशूची आई मरिया साडीत काढली, आपल्याकडच्या बाईसारखी सावळी, आणि गोव्यात लोक इतके चिडले की ते पुण्याला आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रं काढत राहिले. मी कितीतरी वर्षं त्याच रस्त्याने ऑफिसला जात होते. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आता गोव्यात पर्वरीला झेवियर सेंटरमध्ये आहे. त्यांची मरिया बघताना मला धार्मिक चित्र बघतेय असं आधी वाटतच नाही, शेजारची कुणीतरी बाई बाळाला घेऊन बसलीय असं वाटतं, आणि मग हळूहळू तिचं मोठेपण दिसतं. नक्कल करायची नव्हती मला, पण बळ आलं. मी समई काढून बघितली. पंचांतल्या एका काकांनी शांतपणे सांगितलं, ताई, माझ्या आईने हे सोडताना खूप सोसलंय, माझ्या हातात हे पुस्तक देऊ नका. मी वाद घातला नाही. कागदावर माझं बरोबर होतं असं मला आजही वाटतं, पण पुस्तक त्यांच्या हातात राहणार होतं.

मग येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावरून कणीस सुचलं. प्रभुभोजनाच्या चित्रांत नेहमी गहू असतो, पण आमच्याकडे घरोघरी भाकरी, म्हणून ज्वारी. मी नेटवरचा फोटो बघून लिनोवर, म्हणजे कोरून छाप काढायच्या मऊ पाटीवर, कणीस कोरलं आणि छाप घेऊन गेले, तर तेच काका, ते शेतकरी आहेत, छाप हातात घेऊन म्हणाले, ही कुठली ज्वारी. हे फिसकारलेलं, बारीक लाल दाण्याचं असतं, तसं आहे. आपला शाळू गच्च असतो. मला ते बांधावर घेऊन गेले. जानेवारी संपत आलेला, हुरडा होऊन गेलेला, दाणा भरलेला. त्यांनी मालदांडीचं एक कणीस मोडून माझ्या हातात दिलं, मुठीएवढं, जड, दाणे मोत्यासारखे आणि प्रत्येक दाण्याला बुडाशी फोलाची बारीक चोच. मी ते पिशवीत घालून पुण्याला आणलं, टेबलावर ठेवलं आणि नवीन लिनो कोरला. दाणे मोजून नाही कोरले पण ओळी मात्र बघून कोरल्या, ते दाणे सरळ रांगेत नसतात, तिरपे चढत जातात. कोरताना एका ठिकाणी पातं घसरलं आणि एक दाणा अर्धा उडाला, तो मी तसाच ठेवला. काकांनी दुसरा छाप बघितला आणि म्हणाले, हां, हे आपलं. बस. क्रूस वेगळा काढावा लागला नाही, कणसाचा दांडा आणि खाली आडवी वळलेली दोन पानं, ज्याला दिसायचं त्याला दिसतं.

छपाईबद्दल फार सांगत नाही. दोन रंग, आत ७० जीएसएमचा पिवळसर मॅपलिथो कागद, बांधणी शिलाईची, कारण नुसती गमाची बांधणी पेटीवर उघडी राहत नाही आणि वर्षात पानं सुटतात. पाचशे प्रती. गठ्ठे झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी गावी पोचले.

आणि त्याच संध्याकाळी, देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गठ्ठे सोडत असताना, शब्बाथशाळेतली चौथीतली एक मुलगी एक प्रत घेऊन पायरीवर बसली होती, तिला अजून भजनं पाठ नाहीत म्हणून ती एकेक अक्षर लावून वाचत होती. तिने मला विचारलं, ताई, वदन म्हणजे काय. मी म्हटलं तोंड, चेहरा. ती म्हणाली मग प्रभूला तोंड कसं करायचं. मी पान घेतलं. ११८ नंबर. ‘वंदन’ हवं तिथे ‘वदन’. अनुस्वार गळलेला. अक्षरं तेवढीच म्हणून ताल चुकला नाही, आजीचा हात थांबला नाही, आणि मी म्हणताना डोळ्याने वदन बघून तोंडाने वंदनच म्हटलं असणार. शब्द खरा आहे म्हणून स्पेलचेकनेही सोडला.

माझे हातपाय गार पडले. पाळकसाहेब म्हणाले शुद्धिपत्र चिकटवू. पण तेवढ्यात गाठोडी सोडायला आलेल्या मावशी म्हणाल्या, एक टिंबच ना, मग देऊ की. दुकानातून सहा काळी बॉलपेनं आणली. आठवडा होता आमच्याकडे. रोज संध्याकाळी पाच-सहा बायका देवळात सतरंजीवर बसायच्या, एक जण ११८ नंबरचं भजन उघडून पुढे सरकवायची, दुसरी व च्या डोक्यावर टिंब द्यायची, तिसरी शाई वाळेपर्यंत फुंकर घालून मिटायची. त्या मुलीला पण एक पेन दिलं. दुसऱ्या दिवसापासून कुणीतरी ते भजनच म्हणायला लागलं, टिंब देता देता. शनिवारी दिवे लागणीला शेवटची प्रत झाली तेव्हा आजीला रिक्षाने आणलं होतं, तिने ती प्रत मागून घेतली, पान उघडायला सांगितलं आणि म्हणाली कुठंय, बोट ठेव माझं. मी तिचं बोट त्या टिंबावर ठेवलं.